हब, केबल की कॉम्प्युटर? तुटक यूएसबी जोडणीच्या प्रश्नाचा आढावा

उरण तालुक्यातले जासई हे गाव न्हावाशेवा बंदराच्या दाराशी आहे. १९८९मध्ये बंदर सुरू झाले आणि त्याभोवती कंटेनर यार्ड, गोदामे, वाहतूकदारांची ऑफिसे उभी राहिली. त्यांच्या कागदपत्रांचे बरेचसे काम आता घरातल्या टेबलावर होते. आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर कागद भरायचे तर डिजिटल सहीचे टोकन लागते. दाखले काढून देण्याचे काम करणाऱ्याला बोटाचा ठसा घेणारे यंत्र लागते. शिवाय प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, मुलांचा वायरलेस माउस, लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क. इतक्या वस्तू लॅपटॉपच्या दोन-तीन पोर्टांत बसत नाहीत, म्हणून यूएसबी हब येतो.

काही महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. सही करतानाच टोकन दिसेनासे होते. प्रिंटर अर्ध्या पानावर थांबतो. हार्ड डिस्क जोडल्या-तोडल्याचा आवाज सारखा येत राहतो. यावर सल्ले चार प्रकारचे मिळतात. दुकानदार म्हणतो, ॲडॅप्टरवाला हब घ्या. दुरुस्तीवाला म्हणतो, केबल लूज आहे. कॉम्प्युटर जाणणारा भाचा ड्रायव्हर टाकून देतो. कंपनीचा माणूस फोनवर बायोस अपडेट करायला सांगतो. चारही सल्ल्यांमागे खरी कारणे आहेत आणि प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे लागू पडलेला आहे. मात्र चौघांच्याही बोलण्यात हब हीच एक सदोष वस्तू धरलेली असते किंवा तो पूर्ण निर्दोष मानलेला असतो. माझ्या मते हब हे बहुतेक वेळा दोष बाहेर पडण्याचे ठिकाण असते. दोष त्याच्या अलीकडे किंवा पलीकडेही असू शकतो. म्हणून या चार भूमिका कशावर उभ्या आहेत, ते क्रमाने पाहू.

हबच्या पोटात काय असते

यूएसबीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६मध्ये आले. कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी ते मिळून ठरवले. इंटेलमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांत वडोदऱ्याचे अजय भट्ट होते. हब त्या आराखड्यात पहिल्यापासून होता. एका कंट्रोलरवर १२७ पर्यंत उपकरणे आणि एकामागे एक जास्तीत जास्त पाच हब, अशी मर्यादा ठरली.

हब आणि विजेचा एक्स्टेंशन बोर्ड यांत मोठा फरक आहे. हबमध्ये स्वतःची चिप असते. कोणत्या पोर्टात काय लागले, किती वेगाने बोलते, कुठे जास्त वीज ओढली गेली, हे ती कॉम्प्युटरला कळवत असते. सात पोर्टांच्या हबमध्ये बहुधा चार-चार पोर्टांच्या दोन चिपा एकीला एक जोडलेल्या असतात. बाहेरून एक दिसणारा हब आतून दोन असतो. यूएसबी ३चा हब तर नियमानेच दुहेरी आहे. त्यात जुन्या ४८० मेगाबिटच्या वेगाचा एक हब आणि ५ गिगाबिटचा दुसरा हब शेजारी शेजारी काम करतात. त्यामुळे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकाच हबच्या दोन नोंदी दिसल्या तर दचकू नये.

या दुहेरीपणाचा परिणाम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. महागडा ५ गिगाबिटचा हब घेतला आणि त्यावर टोकन, ठसायंत्र, वेबकॅम, प्रिंटर लावले, तर त्यातली बहुतेक यंत्रे जुन्या वेगाची असल्याने सगळी त्या ४८० मेगाबिटच्याच वाटेवर गर्दी करतात. नवा वेग त्यांच्या वाट्याला येत नाही.

पहिली भूमिका: वीज कमी पडते

चारही भूमिकांत या भूमिकेला सर्वाधिक आकड्यांचा आधार आहे. यूएसबी २च्या पोर्टातून ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पियर मिळतात, यूएसबी ३च्या पोर्टातून ९००. ॲडॅप्टर नसलेला हब कॉम्प्युटरकडून मिळालेल्या याच विजेवर जगतो. यूएसबी २च्या नियमाप्रमाणे अशा हबने १०० मिलिॲम्पियर स्वतःसाठी ठेवावेत आणि उरलेले चार पोर्टांना प्रत्येकी १०० द्यावेत. टोकन, माउस, कीबोर्ड यांना तेवढे पुरते. पण लहान आकाराची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात होताना क्षणभर १ ॲम्पियरच्या आसपास ओढू शकते. त्या क्षणी हबवरचा विजेचा दाब खाली जातो आणि शेजारचे निरपराध टोकनही तुटते. दोष डिस्कच्या भुकेचा असतो, पण सही अडल्यामुळे टोकनचे नाव बदनाम होते.

स्वस्त हब हा नियम पाळतातच असे नाही. ॲडॅप्टरची जागा असलेले कित्येक हब, ॲडॅप्टर लावलेला नसतानाही आपल्याला स्वतंत्र वीज आहे असे कॉम्प्युटरला सांगतात. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून सगळ्यांना जोडून घेतो आणि भार आला की सगळेच कोसळते.

यात केबलचा वाटा मोठा आहे. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. केबल दीड मीटरची धरली तर वीज जाण्या-येण्याची तार तीन मीटर होते, म्हणजे रोध जवळपास ०.६४ ओहम. अर्धा ॲम्पियर वाहिला की ०.३२ व्होल्ट तारेतच मुरतात. यूएसबी २च्या नियमात पोर्टाला किमान ४.७५ व्होल्ट लागतात आणि ॲडॅप्टर नसलेल्या हबच्या पलीकडच्या उपकरणाला किमान ४.४०. बारीक तारेची लांब केबल वापरली तर मधले सगळे अंतर एकटी केबल खाऊन टाकते. त्याच लांबीची २४ गेजची केबल ०.१३ व्होल्टच्या आसपासच गमावते. बाहेरून दोन्ही सारख्याच जाड दिसू शकतात, कारण जाडी प्लास्टिकचीही असते.

मग ॲडॅप्टरवाला हब घेतला की प्रश्न मिटला का? बराचसा मिटतो, पूर्ण नाही. सात पोर्टांना प्रत्येकी ९०० मिलिॲम्पियर द्यायचे तर ६ ॲम्पियरहून जास्त लागतात. बाजारातल्या कित्येक सात पोर्टी हबांसोबत २ ॲम्पियरचा ॲडॅप्टर येतो. काही हब आपली वीज उलटी कॉम्प्युटरच्या पोर्टात ढकलतात. लॅपटॉप बंद केल्यावरही हबचा दिवा पेटलेला असला तर तो दिवा लॅपटॉपच्या विजेवर आहे की ॲडॅप्टरच्या, हे पाहणे चांगले. आणखी एक धोका फार घरगुती आहे. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि हबचा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर यांची पिन पुष्कळदा एकच असते. राउटरचा ॲडॅप्टर हबमध्ये गेला तर हब जातो, कधी त्याला जोडलेली यंत्रेही जातात. ॲडॅप्टरवर रंगीत पट्टी लावून ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. नवा ॲडॅप्टर घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्यासोबतचा नोंदणी क्रमांक पाहावा. आयटी उपकरणांच्या ॲडॅप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे.

टाइप-सीच्या हबमध्ये वेगळीच अडचण येते. चार्जर हबमधून पुढे लॅपटॉपला जातो, तेव्हा चार्जर लावताच किंवा काढताच वीज कुणी कुणाला द्यायची याची बोलणी नव्याने होतात. त्या क्षणात अनेक हब सगळ्या जोडण्या तोडून पुन्हा जोडतात. वीज गेली, आली, तरी हेच होते. जासईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात हा अनुभव वरचेवर येऊ शकतो, आणि दोष हार्ड डिस्कच्या माथी जातो.

दुसरी भूमिका: वाट खराब आहे

दुरुस्तीवाल्यांची ही भूमिका जुनी आहे, साधी आहे, आणि किनारपट्टीवर तिला विशेष वजन आहे. जासईचा परिसर खाडीचा. हवेत मीठ आणि ओल असते; कंटेनरच्या वाहतुकीची धूळ असते. मिठाचा अंश आणि ओल मिळून पिनांवर गंज धरतो, मुलामा पातळ असेल तिथे लवकर. गंजलेला सांधा पूर्ण तुटत नाही. तो धड जोडलेलाही नसतो. टेबलाला धक्का लागला की जोडणी जाते, हाताने दाबले की येते.

झीज हा दुसरा भाग. नेहमीच्या चौकोनी टाइप-ए जोडाला १५०० वेळा घालण्या-काढण्याचे आयुष्य धरलेले आहे, टाइप-सीला १०,०००. रोज चार-पाच वेळा टोकन काढले-घातले तर वर्षभरात पहिला आकडा गाठला जातो. म्हणून टोकनसाठी एक लहानशी जोडकेबल कायम लावून ठेवावी आणि झीज त्या केबलवर घ्यावी. केबल बदलता येते. लॅपटॉपचे पोर्ट बदलायला लॅपटॉपच उघडावा लागतो.

पिना साफ करायच्या तर यंत्र पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरावे, वाळू द्यावे, मगच जोडावे. टाचणी, सुई घालून खरवडण्याने मुलामा जातो आणि गंज जास्त वेगाने परततो.

लांबीचाही प्रश्न आहे. यूएसबी २साठी ५ मीटर ही केबलची मर्यादा आहे, यूएसबी ३ला व्यवहारात ३ मीटरच्या आसपास. एकाला एक जोडून केलेली लांब केबल सुरुवातीला चालते आणि मग दिवसाआड तुटते. लक्षात ठेवण्यासारखा एक बारकावा असा की यूएसबी ३चा जोड सावकाश घातला तर जुन्या वेगाच्या पिना आधी टेकतात आणि उपकरण जुन्याच वेगाला अडकून बसू शकते. हार्ड डिस्क अचानक मंद वाटली तर ती काढून एका दमात पुन्हा घालून पाहावी.

हवेतला अडथळा

हा मुद्दा वेगळा काढतो, कारण तो चारही भूमिकांच्या बाहेर राहतो आणि तरी पुष्कळ ठिकाणी खरा ठरतो. वायरलेस माउस आणि कीबोर्डची लहान गुंडी, म्हणजे रिसीव्हर, २.४ गिगाहर्ट्झवर चालते. यूएसबी ३ची जोडणी चालू असताना नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेलने एप्रिल २०१२मध्ये याविषयी तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला आणि गोंगाट मोजून दाखवला. यूएसबी ३ हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टात ही गुंडी लावली की फाइली कॉपी होत असताना माउस अडखळतो, कॉपी संपली की सरळ चालतो. लोक माउसची बॅटरी बदलत राहतात. अर्ध्या मीटरची यूएसबी २ जोडकेबल घेऊन गुंडी हबपासून दूर नेली की बहुतेकदा त्रास थांबतो. इथे वीज, केबल, ड्रायव्हर सगळे शाबूत असते.

तिसरी भूमिका: सॉफ्टवेअर झोपवते

वीज वाचवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम रिकाम्या बसलेल्या उपकरणांना झोपवते. विंडोजमध्ये याला सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणतात. पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करता येते, शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक हबच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वेगळी खूण असते. लिनक्समध्ये हब आपोआप झोपतात. बाकीच्या उपकरणांना बहुधा जागेच ठेवले जाते. काही स्वस्त चिपा झोपतात, पण वेळेवर उठत नाहीत. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ठसायंत्र गायब आणि हब काढून लावला की परत हजर, असे घडत असेल तर या भूमिकेची बाजू भक्कम आहे. काम करत असताना मधेच जोडणी तुटत असेल, तर ती कमकुवत आहे.

ॲपलच्या चिपचे मॅकबुक आणि व्हेंच्युरा किंवा त्यापुढची सिस्टिम असेल तर नवे उपकरण जोडायला परवानगी विचारली जाते. ती खिडकी नजरेआड झाली की हब मेलेला वाटतो.

विंडोज ८पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे एक गैरसमज पसरला आहे. अशा कॉम्प्युटरवर ‘शट डाउन’ने सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही, गोठवून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ने तो खरोखर नव्याने सुरू होतो. म्हणजे ‘बंद करून चालू केले, फरक नाही’ यावरून सॉफ्टवेअर निर्दोष ठरत नाही. डेस्कटॉपच्या पोर्टांना तर बंद अवस्थेतही पुष्कळदा वीज मिळत राहते. हब खराच थंड करायचा तर त्याची केबल काढावी, ॲडॅप्टरही काढावा आणि थोडे थांबावे.

ड्रायव्हर मात्र या भूमिकेचा सर्वांत कमजोर दुवा आहे, असे मला वाटते. हबसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्यासाठी अनोळखी संकेतस्थळावरून ‘हब ड्रायव्हर’ उतरवणे धोक्याचे. टोकन आणि ठसायंत्र यांचा प्रश्न वेगळा, त्यांना आपापले सॉफ्टवेअर लागते.

चौथी भूमिका: दोष कॉम्प्युटरमध्येच आहे

सामान्य माणसाला ही भूमिका शेवटचा बहाणा वाटते, पण इतिहास तिच्या बाजूने साक्ष देतो. २०१३मध्ये इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या पहिल्या चिपसेटांत दोष सापडला: कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावर काही यूएसबी ३ उपकरणे दिसेनाशी होत. इंटेलने तो मान्य केला आणि चिपच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केला. २०२१च्या फेब्रुवारीत एएमडीने ५०० मालिकेच्या चिपसेटांवर जोडण्या अधूनमधून तुटतात हे मान्य केले, आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासून एजेसा १.२.०.२ या मूळ सॉफ्टवेअरसह बायोस अपडेट येऊ लागले. तोवर कित्येकांनी हब आणि केबली बदलून पैसे घालवले असणार.

गर्दीचाही प्रश्न याच भूमिकेत येतो. प्रत्येक उपकरण कंट्रोलरकडून काही ‘एंडपॉइंट’ म्हणजे संवादाच्या वाटा मागते. इंटेलच्या अनेक कंट्रोलरांत त्यांची मर्यादा ९६ आहे. वेबकॅम आणि साउंड कार्ड अशी उपकरणे एकेकटी बऱ्याच वाटा घेतात. मर्यादा भरली की विंडोज कंट्रोलरकडे पुरेशी साधने नाहीत असा संदेश देते. नवा हब घेतल्याने वाटा वाढत नाहीत, उलट हबही आपली वाट मागतो. डेस्कटॉपवर वेगळे कंट्रोलर कार्ड टाकणे हा खरा इलाज आहे.

हार्ड डिस्कच्या डब्यांमधल्या काही चिपांचे यूएएस या वेगवान पद्धतीशी जमत नाही. लिनक्स घडवणाऱ्यांनी त्या चिपांसाठी ती पद्धत बंद करण्याची सोय करून ठेवली आहे. वेग थोडा घटतो, जोडणी टिकते.

तपासायचे कसे: दोन पंथ

इथे जाणकारांत खरा मतभेद आहे. पहिला पंथ अदलाबदलीचा. हब काढा, उपकरण थेट लावा. चालले तर हब किंवा त्याची वीज, नाही चालले तर उपकरण किंवा कॉम्प्युटर. मग केबल बदला, पोर्ट बदला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. मल्टिमीटर नसलेल्यालाही हे जमते. या पंथाची मर्यादा अशी की दोष अधूनमधून येणारा असेल तर एकदा चालल्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय उपकरण थेट लावल्याने एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात: वीज वाढते, केबल कमी होते, आणि सांधे हलल्याने गंज घासला जातो.

दुसरा पंथ नोंदींचा. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, लिनक्सच्या कर्नलच्या नोंदी, मॅकवरची सिस्टिम इन्फर्मेशन आणि ‘यूएसबी ट्री व्ह्यू’सारखे फुकट साधन यांतून कोणते उपकरण कोणत्या हबच्या कोणत्या पोर्टावर, कोणत्या वेगाने, किती वाजता तुटले ते दिसते. हबवरची सगळी यंत्रे एकाच सेकंदाला तुटली असतील तर संशय हब, त्याची मुख्य केबल किंवा वीज यांच्यावर जातो. एकच तुटत असेल तर त्या उपकरणावर किंवा त्या पोर्टावर. ‘पॉवर सर्ज’चा संदेश आला असेल तर कुठेतरी मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढली गेली. ‘कोड ४३’ मात्र फारसे सांगत नाही. उपकरणाने अडचण कळवली, इतकाच त्याचा अर्थ.

मी दोन्हींचा मेळ सुचवीन, आणि क्रम ठेवीन तो खर्चाचा. आधी वेळ टिपावी: तुटले तेव्हा काय चालू होते, मिक्सर, पंप, इन्व्हर्टरची अदलाबदल? मग पिना साफ करून आखूड, चांगली केबल लावावी. मग जड भुकेची यंत्रे हबवरून उतरवून थेट लावावी. मग वीजबचतीची खूण काढावी. मग बायोस अपडेट करावे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पूर्वी जितक्या दिवसांत दोष दिसत असे त्याच्या दुप्पट तरी वाट पाहावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर पुढच्या वेळी हातात काहीच उरत नाही.

एक गोष्ट मात्र तपासणी होईपर्यंत थांबू देऊ नये. बॅकअपची हार्ड डिस्क हबवर ठेवू नये. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी चटकन काढण्याची पद्धत मूळची असते, त्यामुळे नुकसानीची शक्यता घटली आहे. पण लिहिणे चालू असताना जोडणी तुटली तर फाइल अर्धी राहतेच.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न लेबलांचा. ५ गिगाबिटची जोडणी २००८मध्ये यूएसबी ३.० नावाने आली, पुढे तिला ३.१ जेन १ म्हटले, मग ३.२ जेन १. खोक्यावर ‘३.२’ पाहून १० किंवा २० गिगाबिटची आशा धरणारा ग्राहक फसतो, आणि विकणारा खोटे बोललेला नसतो. टाइप-सी हे जोडाच्या आकाराचे नाव आहे, त्यावरून वेग किंवा वीज कळत नाही. आता लेबलावर थेट गिगाबिट आणि वॅट छापण्याचा आग्रह प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने धरला आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या बिननावाच्या हबपर्यंत तो किती पोचेल, हे पाहायचे आहे.

दुसरा प्रश्न हबमधल्या चिपचा. दोन हब बाहेरून सारखे असतात, आतली चिप वेगळी असते, आणि त्याच मॉडेलच्या पुढच्या खेपेत ती बदलूही शकते. कोणती चिप आहे हे हब जोडल्यावर यूएसबी ट्री व्ह्यूमध्ये बरेचदा कळते, पण विकत घेण्याआधी खोक्यावर ते क्वचितच लिहिलेले असते. म्हणून ‘अमुक हब चांगला’ या शिफारशीचे वय फार लहान असते.

तिसरा प्रश्न हवेचा. जोडांचे आयुष्य घालण्या-काढण्याच्या संख्येत सांगितले जाते. खाडीकाठच्या घरात, पंख्याखाली, चार पावसाळे काढलेल्या पिनेचे काय होते, याचा आकडा हबच्या खोक्यावर नसतो. तोवर इथल्या माणसाने टोकनची जोडकेबल दर पावसाळ्यानंतर बदलावी, आणि न वापरलेल्या पोर्टांना रबरी बुचे लावून ठेवावीत. ती बुचे काही रुपयांत मिळतात.